चित्रकार अँजेलो द फोन्सेका

नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती घरांत गोठ्याचा देखावा मांडतात. गव्हाणीत निजलेला बाळ येशू, शेजारी मरीया व योसेफ, जवळ गुरे आणि वर एक तारा. यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे एक खूण आहे. गव्हाणी नम्रता सुचविते. तारा वाट दाखविणाऱ्या प्रकाशाची आठवण देतो. युरोपातील चित्रकार मरीयेस निळे वस्त्र देत. तो रंग एका मौल्यवान दगडाची पूड करून बनवीत. म्हणून तो आदराची खूण ठरला.

हीच जन्मकथा भारतीय रूपात रंगविण्याचे धाडस अँजेलो द फोन्सेका यांनी केले. त्यांचा जन्म १९०२ साली गोव्यात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी प्रवेश घेतला. परंतु तेथील पाश्चात्त्य वळण त्यांच्या मनास रुचले नाही. ते शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापासून त्यांनी भारतीय चित्रपद्धतीचे संस्कार घेतले.

गोव्यास परतल्यावर त्यांनी सावळ्या वर्णाची, साडी नेसलेली मरीया रंगविली. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. ख्रिस्तजननीस देशी स्त्रीचे रूप दिलेले अनेकांस खपले नाही. वास्तविक मरीया ही आशिया खंडातील एक यहुदी स्त्री. इटलीच्या चित्रकारांनी तिला आपल्याकडील स्त्रियांचे रूप दिले आणि ती चित्रे देवळांतून पूज्य मानली गेली. फोन्सेकांनी तरी निराळे काय केले होते? तथापि, विरोध वाढत गेला आणि त्यांना जन्मभूमी सोडावी लागली.

पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. तेथे साधेपणाने राहून त्यांनी आपले व्रत चालू ठेवले. टीकेला भिऊन त्यांनी मरीयेची साडी उतरविली नाही.

पुढे रोम येथे कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची महासभा भरली. प्रत्येक देशाच्या कलेला उपासनामंदिरात स्थान आहे, असे तिने १९६३ साली मान्य केले. ज्यासाठी फोन्सेकांनी दोष सोसला, तेच आता योग्य ठरले. त्यानंतर चार वर्षांनी, १९६७ साली, पुण्यास त्यांचे निधन झाले.

एके काळी त्यांना जेथून जावे लागले, त्याच गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, आज त्यांची अनेक चित्रे आदराने जतन केलेली आहेत.