एकाच पित्यापुढे सारे : महात्मा ज्योतिराव फुले



बाविसाव्या स्तोत्राच्या शेवटी एक सुंदर चित्र येते. दीनदुबळे पोटभर जेवतात आणि मग धनवान व मातीला मिळालेले, दोघेही एकाच परमेश्वरापुढे गुडघे टेकतात. हे स्तोत्र वाचताना आपल्या पुण्याच्या मंडईला ज्यांचे नाव दिले आहे, त्या ज्योतिरावांची आठवण होते.

ज्योतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी माळी कुटुंबात झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. १८४८ साली भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन झाला. निर्माणकर्ता एकच, आपण सारी त्याची लेकरे, आणि लेकराला आईबापांकडे जायला मध्यस्थ लागत नाही, ही त्याची शिकवण. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला समाजाने उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. भक्ती आणि भाकरी त्यांनी वेगळी मानली नाही.

१८७६ पासून ते नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या मोठ्या इमारतीला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे त्यांचे मत होते. तरीही इमारत उभी राहिली आणि १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने खुली झाली. पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले.

१८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात चालेना, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक लिहून पूर्ण केले. एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे प्रेमाने नांदावीत, अशी कल्पना त्यात आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्योतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. कोणत्याही एका धर्मग्रंथात संपूर्ण सत्य आहे, असे ते मानत नसत. म्हणून त्यांना आपल्यात ओढण्याचा आपला हेतू नाही. पण त्यांचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे ठेवणे, याबद्दल संत याकोबाने आपल्या पत्रात मंडळीला खडसावले आहे.

मिस्सामध्ये आपण सारे एकाच वेदीपाशी येतो. मंडईत पहाटेपासून भाजी विकणारी मावशी आणि तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, दोघांनाही प्रभू सारखाच प्रसाद देतो. मिस्सा संपल्यावर मात्र आपण तिला ओळख देतो का? या रविवारी दाराबाहेर पडण्यापूर्वी आपल्या बाकावरच्या अनोळखी माणसाचे नाव विचारू या. त्याच्या घरी काही कमी असेल तर तेही जाणून घेऊ या. स्तोत्रातही गरिबांचे जेवण आधी आहे.