चिंध्या जमवणारा चित्रकार

'थोरांची ओळख' या सदरात या वेळी मी एका चित्रकाराची माहिती लिहीत आहे. त्यांचे नाव आंरी मातीस. नाव वाचून हसू नका. 'मातीस पाणी घाला' यातले मातीस नव्हे! ते फ्रान्स देशातले होते आणि तिकडे हे आडनाव असते. पुस्तकातली त्यांची चित्रे मी आजीला दाखवली, तेव्हा तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि हा माणूस गोधडी शिवणाऱ्यांच्या घरातला दिसतो असे म्हणाली. आजीचे अगदीच काही चुकले नव्हते. कसे ते आता सांगतो.

आंरीचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समध्ये ल कातो या लहान गावी, आजोळी झाला. थोड्याच दिवसांत आई-वडील त्याला घेऊन बोअँ नावाच्या गावी गेले आणि तिथेच तो वाढला. हा मुलूख सपाट आणि थंड. आभाळ नेहमी भरलेले. सगळीकडे बीटची शेते, कारण बीटपासून साखर करीत. कारखान्यांची धुराडी, चिखलाचे रस्ते, विटांची घरे. म्हणजे डोळ्यांना रंग असा फारसा नाहीच.

पण घरांच्या आत मात्र वेगळीच गंमत होती. बोअँ हे विणकरांचे गाव. घरोघर माग. पॅरिसच्या मोठमोठ्या दुकानांसाठी तिथले विणकर रेशमी कापड विणीत. बाहेर पाऊस नि चिखल, आणि आत मागावर लाल, निळे, सोनेरी धागे! मातीस घराण्यातले पूर्वजही कित्येक पिढ्या विणकर होते. एक गोष्ट वाचून मला फार नवल वाटले. त्या भागातले विणकर पूर्वी आपल्या काश्मिरी शालीसारख्या शालीही विणीत असत. म्हणजे आईच्या साडीच्या पदरावर जी कोयरी असते ना, ती कोयरी इकडून तिकडे फ्रान्सच्या मागावर जाऊन पोहोचली होती.

आंरीच्या वडिलांचे दुकान होते. धान्य, बियाणे आणि घराला लागणारे इतर सामान ते विकत. दुकानातला रंगांचा विभाग आई पाहायची. गिऱ्हाईक आले की दाराला कोणता रंग, भिंतीला कोणता, हे ती सांगायची आणि रंग कालवून द्यायची. चिनी मातीच्या बशांवर फुलेही रंगवायची. आता सांगा, मुलाला रंगाची ओढ लागणार नाही तर काय होईल?

पण तसे लगेच झाले नाही. वडिलांना वाटे, मुलाने दुकान सांभाळावे. प्रकृती जरा नाजूक, म्हणून मग ठरले की वकिलीच्या कामाचे शिकू दे. १८८७ साली आंरी पॅरिसला कायदा शिकायला गेला. परत येऊन तो सँ कांतँ या शहरात एका वकिलाच्या कचेरीत कारकून झाला. दिवसभर कागदांच्या नकला करायच्या. त्याला त्याचा कंटाळा येई. त्या शहरात चित्रकलेची एक जुनी शाळा होती. कापडावरची नक्षी काढणारे कारागीर तयार व्हावेत म्हणून ती चालवीत. आंरी कचेरी उघडण्याच्या आधी, सकाळी सकाळी तिथे जाऊन बसू लागला.

मग त्याला पोटाचे मोठे दुखणे आले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. कितीतरी दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. मुलाचा वेळ जावा म्हणून आईने एक रंगाची पेटी आणून दिली. झाले! त्या पेटीने सगळे फिरवले. बरा झाल्यावर त्याने घरी सांगितले की मी चित्रकार होणार.

वडील फार नाराज झाले. यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. चालते दुकान, शिकलेला मुलगा, आणि तो म्हणतो चित्रे काढीन! आपल्याही गावात कोणी असे म्हटले तर घरात काय होईल ते आपल्याला ठाऊक आहे. पण आई मुलाच्या बाजूने राहिली. अखेर वडिलांनी कसाबसा होकार दिला आणि १८९१ मध्ये आंरी पुन्हा पॅरिसला गेला, या वेळी चित्रकला शिकायला. तिथल्या मोठ्या कलाशाळेच्या प्रवेश परीक्षेत तो पहिल्यांदा नापास झाला. (नापास झालेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे!) तरी त्याने चिकाटी सोडली नाही.

आता इथून पुढे त्यांना मातीस म्हणू, कारण ते मोठे झाले. १८९८ साली त्यांचे आमेली नावाच्या मुलीशी लग्न झाले. या बाई टोप्या करण्यात हुशार होत्या. त्यांनी पॅरिसमध्ये टोप्यांचे दुकान काढले आणि घर चालवले. घरात तीन मुले. चित्रे काही विकली जात नव्हती. त्यातच १९०२ मध्ये मोठे संकट आले. आमेलीचे आई-वडील ज्या श्रीमंत कुटुंबाकडे कामाला होते, त्या कुटुंबाची फार मोठी लबाडी उघडकीला आली. सासू-सासऱ्यांचा काही अपराध नव्हता, पण त्यांचे सारे गेले. टोप्यांचे दुकानही बंद झाले. मातीस बायकामुलांना घेऊन बोअँला वडिलांच्या घरी परत आले. वय तेहतीस. गावातले लोक त्यांना वाया गेलेला मुलगा समजत. मला वाटते, त्यांच्या सगळ्या आयुष्यात हे दिवस सर्वांत कठीण असतील. कारण परक्या गावात गरीब असणे वेगळे आणि आपल्या गावात मान खाली घालून फिरणे वेगळे.

आणि अशा गरिबीतही त्यांना एक नाद होता. तो म्हणजे कापडाचा. विद्यार्थी असल्यापासून ते जुन्या बाजारातून कापडाचे तुकडे, फाटके पडदे, गालिच्याचे तुकडे विकत आणीत. साधारण १९०३ च्या सुमाराची गोष्ट आहे. पॅरिसमध्ये ते घोडागाडीच्या बसमधून चालले होते. रस्त्यावरच्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात त्यांना एक कापड दिसले. पांढरे सुती कापड, त्यावर निळ्या रंगात फुलांच्या परड्या आणि वळणदार वेली. ते त्यांनी घेतले. नव्या कपड्याचे पैसे नसताना माणूस जुना पडदा घेतो, म्हणजे कमाल आहे! आमच्या घरी असे कोणी केले असते तर त्या रात्री जेवण मिळाले नसते.

पण हेच कापड त्यांना पुढे अनेक वर्षे कामी आले. त्यांच्या कितीतरी चित्रांत ते दिसते. त्यातले सर्वांत नामांकित चित्र १९०८ सालचे. त्यात एक बाई जेवणाच्या मेजावर फळे मांडते आहे. मेजावर तेच कापड, पण चित्रात ते लालभडक केले आहे. आणि मजा अशी की कापडावरच्या वेली मेजावरून सरळ भिंतीवर चढल्या आहेत! मेज कुठे संपले आणि भिंत कुठे सुरू झाली ते चटकन कळत नाही. आधी मातीस यांनी हे चित्र निळे रंगवले होते. गिऱ्हाइकाने निळेच मागितले होते. पण नंतर त्यांनी सगळे लाल करून टाकले. तरीही गिऱ्हाइकाने ते घेतले. तो होता मॉस्कोचा श्रीमंत व्यापारी श्चुकिन, आणि त्याचा धंदा कोणता, तर कापडाचा. कापडवाल्याला कापडाची पारख असणारच. हे चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे.

त्याआधी १९०५ मध्ये मातीस दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या कोलियूर गावी राहिले होते. तिथल्या लख्ख उन्हात त्यांनी अशी भडक चित्रे काढली की पॅरिसच्या प्रदर्शनात लोक हसले, चिडले. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना जंगली श्वापदे असे नाव पडले. पण हळूहळू चित्रे विकली जाऊ लागली. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या पत्नीचे डोक्याला रंगीत रुमाल बांधलेले चित्र काढले. त्या चित्राच्या नावात 'मद्रास' हा शब्द आहे. आपल्या मद्रासचे सुती कापड फार पूर्वीपासून बाहेरदेशी जाई, म्हणून तिकडे तशा रुमालालाच मद्रास म्हणत.

मातीस यांना प्रवास आवडे, आणि जिथे जातील तिथून ते काय आणीत? कापड! १९०६ मध्ये अल्जीरियाला गेले, तिथून सतरंज्या आणि मातीची भांडी आणली. १९१० मध्ये जर्मनीत म्युनिक शहरी मुसलमानी देशांतल्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले, तेथील गालिचे पाहायला ते मुद्दाम गेले. पुढे स्पेनमध्ये गेले. १९१२ च्या जानेवारीत मोरोक्कोतल्या टँजियर शहरी गेले, तर तिथे पाऊस! ऊन बघायला इतक्या लांब गेले आणि किती दिवस खोलीत कोंडून बसले. मग खोलीतच फुलदाणीतल्या निळ्या फुलांचे चित्र काढले. पाऊस थांबला तेव्हा बाहेर सगळे हिरवेगार झाले होते. त्यांना ते शहर इतके आवडले की त्याच वर्षी पुन्हा गेले.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. बोअँ जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. म्हातारी आई तिकडे अडकलेली आणि मुलगा इकडे. त्या काळातली त्यांची काही चित्रे काळी-करडी आहेत. १९१७ च्या शेवटी ते दक्षिणेला नीस शहरी आले. इथेही पुन्हा पाऊस! कंटाळून परत निघणार, तोच वारा सुटला, ढग गेले आणि स्वच्छ ऊन पडले. ते तिथेच राहिले. उरलेले आयुष्य बहुतेक तिथेच गेले.

नीसच्या घरात त्यांनी लाकडी चौकटी करून त्यांवर पडदे टांगले होते. आज एक पडदा, उद्या दुसरा. खोली तीच, पण पडदे बदलले की एकदा मोरोक्को, एकदा स्पेन. कपड्यांनी, सतरंज्यांनी, भरतकामाच्या चोळ्यांनी पेट्या भरलेल्या होत्या. विद्वान माणूस पुस्तके जमवतो तशी त्यांनी कापडे जमवली आणि आपल्या कामाचे ग्रंथालयच ते, असे ते मानीत. त्यांची चित्रे नीट बघा. आपले गुरुजी सांगतात तशी सावली, खोली, लांबचे लहान, जवळचे मोठे, हे त्यांत फारसे नसते. सगळे सपाट, आणि रंगाशेजारी रंग, जसे मागावरच्या कापडात असते. मला आधी ते चुकीचे वाटले होते. आता नाही वाटत.

१९३० मध्ये, साठ वर्षांचे असताना, ते थेट पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर गेले. तिथे त्यांनी चित्रे जवळजवळ काढलीच नाहीत. नुसते पाहिले. समुद्रात पोहून पाण्याखालचे मासे आणि पोवळी पाहिली. ते सगळे त्यांच्या मनात सोळा वर्षे राहिले.

मधे १९४१ मध्ये कर्करोगामुळे त्यांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. वय एकाहत्तर. जीव वाचला, पण फार वेळ उभे राहता येईना. चाकाची खुर्ची आली. चित्रकाराने उभे राहायचे नाही म्हणजे संपलेच की! पण त्यांनी हातात कात्री घेतली. मदतनीस मुली कागद रंगवून देत आणि मातीस रंगीत कागद कापत. आधी पेन्सिलीने आखायचे नाही. शिंपी कापड बेततो तसे सरळ कापायचे. मग ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, हलवायचे, पुन्हा लावायचे. १९४६ मध्ये पॅरिसच्या घरी त्यांनी भिंतीवरचा एक डाग झाकायला पांढऱ्या कागदाचा पक्षी कापून लावला असे सांगतात. मग दुसरा पक्षी, मग मासे, पाणवनस्पती. बघता बघता भिंत भरली आणि ताहितीचे आकाश आणि समुद्र घरात आले. लंडनचे कापडवाले झीका अ‍ॅशर यांनी ते लिननच्या कापडावर छापले. प्रत्येकी तीसच प्रती काढल्या. विणकरांच्या नातवाचे चित्र शेवटी कापडावर गेले!

त्यानंतर १९४८ ते १९५१ या काळात त्यांनी वांस गावी एका लहान प्रार्थनामंदिराची सगळी रचना केली. खिडक्यांच्या काचा पिवळ्या, हिरव्या, निळ्या. ऊन आले की हे रंग पांढऱ्या फरशीवर पसरतात. पूजा सांगणाऱ्या पाद्र्यांचे झगेही त्यांनीच कागद कापून बेतले. १९५२ मध्ये जन्मगावी ल कातो येथे त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उघडले, तेही त्यांनीच दिलेल्या चित्रांतून. ज्या मुलखात लोकांनी त्यांना वाया गेलेला म्हटले, तिथेच!

३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मातीस वारले. वय ८४ वर्षे होते. त्यांची चित्रे जगभर गेली. कापडाच्या पेट्या मात्र त्यांच्या घरच्यांकडे तशाच पडून राहिल्या, पन्नास वर्षे. २००४ मध्ये त्या उघडून ती कापडे आणि चित्रे शेजारी शेजारी लावली. आधी ल कातोला, मग लंडन आणि न्यूयॉर्कला लोकांनी ती पाहिली. त्यात बसमधून दिसलेले ते निळ्या परड्यांचे जुने कापडही होते.