हमीदाबानूला जोड मिळेना

सीतास्वयंवरात धनुष्याला प्रत्यंचा चढवायची होती, द्रौपदीच्या स्वयंवरात मासा भेदायचा होता. पण 1954 च्या फेब्रुवारीत हमीदाबानूनं जो पण लावला, तो आपल्या पुराणांतही सापडायचा नाही. आपल्याला कुस्तीत जो चीत करील त्याच्या गळ्यात माळ घालू, असं तिनं जाहीर करून टाकलं. म्हणजे वधूही तीच आणि धनुष्यही तीच! पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन मल्ल आपण आधीच लोळवले आहेत, असं तिचं म्हणणं होतं. मे महिन्यात ती तिसऱ्या कुस्तीसाठी बडोद्यात दाखल झाली.

तिथं तिची जोड लागायची होती छोटे गामाशी. त्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय. बाईमाणसाशी लढणार नाही, असं सांगून गड्यानं अंग काढून घेतलं. मग बाबा पहिलवान समोर आला. कुस्ती चालली 1 मिनिट 34 सेकंद. एवढ्या वेळात आपला चहाही उकळत नाही. बाबा पहिलवान आस्मान बघत पडला होता आणि हमीदाबानू अर्थातच अविवाहित राहिली.

मूळची ही मिर्झापूरची. अलीगढला सलाम पहिलवान या वस्तादाच्या हाताखाली ती तयार झाली. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. तिच्या खुराकाची यादी वर्तमानपत्रांनी मोठ्या चवीनं छापली होती. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, जवळजवळ किलोभर मटण, तितकेच बदाम, एक अख्खी कोंबडी, अर्धा किलोच्या आसपास लोणी, सहा अंडी, शिवाय बिर्याणीच्या दोन थाळ्या. सूप आणि फळांचा रस वेगळाच. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. आमच्या घरी ही यादी मी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा सगळे हसले. मलाही हसू आलं. पण पुरुष पहिलवानाचा खुराक ऐकताना आपण हसत नाही, कौतुकानं मान डोलावतो, हेही त्याच वेळी ध्यानात आलं.

मुंबईनं तिला डोक्यावर घेतलं होतं. 1944 साली गुंगा पहिलवानाशी तिची कुस्ती लागणार म्हणून वीसेक हजार माणसं मैदानात जमली. गुंगानं ऐन वेळी जास्त पैसे आणि तयारीला वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. तो काळ नादियाचाही. 1935 च्या ‘हंटरवाली’पासून ती पडद्यावर चाबूक आणि तलवार फिरवीत होती आणि थिएटरात शिट्ट्या वाजत होत्या. तिच्या आणि होमी वाडियांच्या समुद्राकाठच्या घरामुळे आम्हा जुहूकरांना नादिया जरा आपलीशी वाटते. पण पडद्यावरची मारामारी शेवटी लुटुपुटूची. अंधारात बसून टाळ्या पिटायला कुणाचं काय जातं? उजेडात, लाल मातीत, आपल्या गावच्या गड्याची पाठ खरोखर टेकली की गोष्ट वेगळी होते.

ती कशी, हे कोल्हापुरात दिसलं. शाहूमहाराजांच्या पुण्याईनं कुस्ती ज्यांच्या रक्तात भिनली, त्या गावात हमीदानं शोभासिंग पंजाबीला पाडलं. लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. माझे सासरे कोल्हापूरचे, कुस्तीचे दर्दी. जुन्या मल्लांची नावं त्यांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकली, हे एक नाव मात्र कधी ऐकलं नाही.

पुण्यात रामचंद्र साळुंखेशी ठरलेली कुस्ती कुस्ती संघाच्या विरोधामुळे झालीच नाही. हमीदानं थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार नेली. बाई म्हणून तुम्हाला अडवलेलं नाही, कुस्त्या भरवणारे लोक तुमच्यासमोर खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत, असं त्यांचं उत्तर आलं. नुरा कुस्ती म्हणतात ती हीच. तिच्या काही कुस्त्या तशा असतीलही. तीनशेच्या वर कुस्त्या जिंकल्याचा तिचा दावा मी तरी आकडा म्हणून धरून बसणार नाही. पण नुरा कुस्त्या पुरुषांच्याही होत होत्या आणि त्यापायी पुरुषांना कुणी घरी बसवलं नाही. शिवाय त्याच 1954 साली मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला तिनं मिनिटाच्या आत चीत केलं, तिचं काय करायचं?

अडचण अशी की बायकांसाठी वेगळी स्पर्धाच नव्हती. लढायचं तर पुरुषांशी, नाहीतर घरी. ही तऱ्हा आपल्याकडचीच नव्हे. जपानात केंडो नावाचा बांबूच्या तलवारीचा खेळ आहे. त्याची अखिल जपान स्पर्धा 1953 साली सुरू झाली, पण बायकांसाठी तशी स्पर्धा निघायला 1962 उजाडलं. हमीदाच्या बाबतीत तर महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा नॉर्वेत भरली ती 1987 साली. आता आमच्या चौपाटीवर मुली पहाटे कराटेची कवायत करतात आणि फिरायला येणारे आजोबा मान वर करूनही बघत नाहीत.

चिस्टिलिनच्या कुस्तीनंतर हमीदा युरोपला जाऊन लढणार असल्याचं जाहीर झालं. आणि मग तिचं नाव कुस्तीच्या बातम्यांतून एकाएकी दिसेनासं झालं. घरच्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अंगावर काटा आणते. तिनं युरोपला जाणं सलाम पहिलवानाला पसंत नव्हतं. त्यानं तिला इतकं मारलं, की तिचे हात मोडले. पायही दुखावले, आणि पुढे बरीच वर्षं ती काठीच्या आधारानं चालत असे. भर मैदानात जिला पाडायला कुणी धजत नव्हतं, तिला पाडलं ते घरात.

पुढे सलाम अलीगढला परत गेला. हमीदा कल्याणलाच राहिली. दुधाचा धंदा त्यांचा पूर्वीपासून होताच, तोच तिनं चालवला. इमारतीचं भाडं यायचं. पैसा कमी पडला, की घरी केलेले पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकायची. 1986 साली ती वारली, तोवर अशीच जगली. गिऱ्हाइकांपैकी किती जणांना ठाऊक होतं, की पैसे मोजून घेणारा हा हात कुणाचा आहे?