गणिती भास्कराचार्य

बाराव्या शतकात आपल्या देशात भास्कराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. त्यांचे वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरू होत. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग.

‘लीलावती’त व्याज, मुद्दल, खरेदी-विक्री अशा नित्याच्या व्यवहारांची उदाहरणे आहेत. परंतु काही हिशेब नुसत्या अटकळीने सुटत नाहीत. समजा, एका व्यापाऱ्याने कापड ६०० रुपयांस विकले आणि त्याला शेकडा २० नफा झाला. तर खरेदीची किंमत किती? उतावळा मनुष्य ६०० मधून त्यांचे शेकडा २० वजा करून ४८० असे उत्तर देईल. पण ४८० वर शेकडा २० नफा ९६ रुपये होतो. दोन्ही मिळून ५७६ च भरतात. चूक कोठे झाली? नफा विक्रीवर नव्हे, खरेदीवर मोजावयाचा असतो. आणि खरेदी तर अज्ञात आहे!

अशा वेळी बीजगणित साहाय्यास येते. अज्ञात संख्येला प्रथम नाव द्यावे आणि ती ज्ञात असल्याप्रमाणे तिच्याशी व्यवहार करावा, ही त्याची रीत. भास्कराचार्य अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत व थोडक्यात ‘या’ असे लिहीत. अज्ञाते अनेक असली तर काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. ही रीत ब्रह्मगुप्तादी पूर्वसूरींपासून चालत आली होती. भास्कराचार्यांनी ती अधिक सुबोध केली.

आता वरील खरेदी ‘या’ माना. १०० ची खरेदी असेल तर विक्री १२० होते. म्हणून ‘या’ची १२० शतांश पट म्हणजे ६००. यावरून ‘या’ ५०० येते. ताळा पाहा: ५०० वर शेकडा २० नफा १०० रुपये, विक्री ६००. हिशेब बिनचूक जुळला.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीही भास्कराचार्यांची लेखणी थांबली नव्हती, इ. स. ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. पुढे इ. स. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली. आजोबांची विद्या अशा रीतीने घराबाहेर, प्रांताबाहेर पसरली. आज शाळेत मुले अज्ञातासाठी एखादे अक्षर लिहितात, तेव्हा भास्कराचार्यांच्या ‘या’चेच कार्य ते अक्षर करीत असते.