ओव्हरटेक कधी संपतो? – माइक हॉथॉर्नची गोष्ट

रेसिंग ड्रायव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शूमाखर, हॅमिल्टन नाहीतर वर्स्टॅपेन उभा राहतो. माइक हॉथॉर्नचं पोस्टर मात्र आपल्या हॉस्टेलच्या एकाही रूममध्ये सापडणार नाही. खरं तर फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद मिळवणारा हा पहिला ब्रिटिश ड्रायव्हर. तरी आजही त्याचं नाव निघतं ते त्या विजेतेपदासाठी कमी आणि ११ जून १९५५ च्या संध्याकाळच्या काही सेकंदांसाठी जास्त. त्या सेकंदांत त्याची चूक होती की नव्हती, यावर सत्तर वर्षांनंतरही एकमत नाही.

माइकचा जन्म १० एप्रिल १९२९ रोजी इंग्लंडमधल्या मेक्सबरो या गावी झाला. वडील लेस्ली हे स्वतः मोटरसायकल रेसिंग करणारे. पुढे त्यांनी फार्नहॅम येथे ‘टुरिस्ट ट्रॉफी गॅरेज’ चालवले. म्हणजे पोराला खेळायला बाहुल्या-भोवऱ्यांच्या जागी स्पॅनर आणि कार्ब्युरेटर! शाळेनंतर तो टेक्निकल कॉलेजात गेला आणि ट्रक वगैरे मोठी वाहने बनवणाऱ्या कंपनीत त्याने अप्रेंटिसशिप केली. थोडक्यात, गडी आपल्याच बिरादरीतला. १९५० मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने रेसिंगला सुरुवात केली, १९५२ मध्ये कूपर-ब्रिस्टल गाडी घेऊन मोठमोठ्यांना घाम फोडला आणि १९५३ मध्ये थेट फेरारीच्या टीममध्ये जाऊन बसला. उंचपुरा, सोनेरी केसांचा आणि रेस करतानाही गळ्यात बो-टाय! फ्रेंच लोकांनी त्याचं नाव ‘फुलपाखरू’ ठेवलं होतं.

त्याच वर्षी रैंस येथे फ्रेंच ग्रां प्रीमध्ये त्याची आणि महान फॅन्जिओची झुंज झाली. दोघे कितीतरी फेऱ्या अक्षरशः चाकाला चाक लावून धावत होते. शेवटी हॉथॉर्न अवघ्या एका सेकंदाने जिंकला. इतक्या जवळून पळणं कसं जमलं? कारण दोघांच्या गाड्या जवळपास सारख्या वेगाच्या होत्या, आणि शेजारचा अचानक काही वेडंवाकडं करणार नाही हा भरवसा दोघांनाही होता. हा भरवसा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५४ चे वर्ष त्याला वाईट गेले. सिराक्यूजच्या रेसमध्ये तो भाजला. जूनमध्ये वडील रस्ता-अपघातात गेले. किडनीचा आजारही पाठीशी होताच. अशा अवस्थेत १९५५ साली तो जॅग्वार टीमकडून फ्रान्समधल्या ल माँ येथे उतरला.

ल माँची रेस म्हणजे चोवीस तासांची. साडेतेरा किलोमीटरचा ट्रॅक, त्यावर एकाच वेळी साठ गाड्या. आणि गाड्या तरी कशा? साडेसातशे सीसीच्या चिमुकल्या गाड्यांपासून चार लिटरपेक्षा मोठ्या इंजिनांच्या राक्षसांपर्यंत, सगळ्या एकत्र. प्रत्येक वर्गाची स्पर्धा वेगळी, पण रस्ता एकच! त्यामुळे वेगवान ड्रायव्हरचा अर्धा दिवस हळू गाड्यांना ओव्हरटेक करण्यातच जातो. याचे काही शिष्टाचार आहेत. हळू गाडीने आपली लाइन सोडायची नाही, उगाच डावी-उजवीकडे करायचं नाही. आणि वेगवान गाडीने जागा बघूनच पुढे जायचं, कारण सुरक्षितपणे पुढे जाण्याची मोठी जबाबदारी त्याच्याकडे असते. आज मागची गाडी दाखवणारे रडार-कॅमेरे आहेत. तेव्हा मुख्य भिस्त एक छोटासा आरसा आणि समोरच्याच्या अकलेवरचा विश्वास यांवरच होती.

चार वाजता रेस सुरू झाली. हॉथॉर्नची जॅग्वार आणि फॅन्जिओची मर्सिडीज यांनी असा काही वेग पकडला, की ही चोवीस तासांची रेस आहे हे दोघे विसरले की काय असं वाटावं. हॉथॉर्नने ४ मिनिटे ६.६ सेकंदांत फेरी मारली, म्हणजे ताशी सुमारे १९७ किलोमीटर सरासरी. साडेसहाच्या सुमारास त्याला पेट्रोलसाठी पिटमध्ये यायचं होतं. आता तिथला पिट समजून घ्या. ट्रॅकच्या उजव्या कडेलाच गाड्या थांबायच्या. मध्ये भिंत नाही, वेग कमी करायला वेगळी लेन नाही. समोर, डाव्या बाजूला, मातीचा बांध आणि त्यामागे खच्चून भरलेले प्रेक्षक.

पिटच्या अलीकडे लान्स मॅकलिनची ऑस्टिन-हीली गाडी होती. ती कमी ताकदीची, बऱ्याच फेऱ्या मागे पडलेली. हॉथॉर्न तिच्या डावीकडून पुढे गेला, मग उजवीकडे आला आणि पिटसाठी ब्रेक दाबले. जॅग्वारला डिस्क ब्रेक होते, गाडी झपाट्याने हळू झाली. मॅकलिनने ब्रेक मारले, पण अंतर पुरेना म्हणून त्याने गाडी डावीकडे काढली. नेमकी त्याच वेळी डावीकडून पिएर लेवेगची मर्सिडीज येत होती, ताशी सुमारे २४० किलोमीटरने!

मित्रांनो, हे गणित मेकॅनिक्सच्या पेपरात सोपं वाटतं. २४० चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास ६७ मीटर. माणसाला दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यातच एक सेकंद जातो. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते, त्यांना मदत म्हणून मागे एक एअर ब्रेकची फळी दिली होती. पण इथे ब्रेक लावायला वेळच नव्हता. मर्सिडीज हीलीच्या मागच्या भागावर चढली, हवेत उडाली आणि बांधावर आदळली. इंजिन आणि पुढचा अॅक्सल सुटून प्रेक्षकांत घुसले. मॅग्नेशियमयुक्त बॉडी भडकून पेटली. लेवेग गेला आणि त्याच्याबरोबर ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. रेसिंगच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही.

हा लेवेग कोण होता तेही सांगायला हवं. १९५२ मध्ये याच ट्रॅकवर त्याने जवळपास तेवीस तास एकट्याने गाडी चालवून आघाडी टिकवली होती आणि शेवटच्या तासाभरात त्याचं इंजिन गेलं. ती रेस मर्सिडीजने जिंकली. त्याच मर्सिडीजने १९५५ मध्ये त्याला बोलावून गाडी दिली. वय ४९. त्याची चूक होती असं म्हणणारे थोडेच.

रेस थांबवली नाही. गर्दी एकदम बाहेर पडली तर ॲम्ब्युलन्सचे रस्ते अडतील, असं कारण आयोजकांनी दिलं. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आघाडीवर असूनही आपल्या गाड्या काढून घेतल्या. जॅग्वारने नाही काढल्या. अपघातानंतर हॉथॉर्न पार कोसळला होता, असं त्या दिवशी तिथे असलेल्यांनी नंतर सांगितलं. तरी तो पुन्हा गाडीत बसला आणि सहकारी आयव्हर ब्यूबबरोबर रेस जिंकला. विजेत्याच्या शॅम्पेनसह त्याचा हसरा फोटो छापून आला आणि फ्रेंच वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं.

फ्रेंच सरकारच्या चौकशीत एकाही ड्रायव्हरला दोषी ठरवलं गेलं नाही. दोष मुख्यतः ट्रॅकला दिला गेला. १९२३ पासून वापरात असलेला रस्ता नव्या वेगाला पुरा पडत नव्हता. इंजिनिअर म्हणून हे पटतं. पिटसाठी वेगळी लेन असती तर हॉथॉर्नला रेसच्या रस्त्यावर ब्रेक दाबावेच लागले नसते. पुढच्या वर्षीच्या रेसआधी पिट पाडून नव्याने बांधले, प्रेक्षक मागे सरकवले. मर्सिडीज १९५५ च्या अखेरीस रेसिंगमधून बाहेर पडली ती सुमारे तीन दशकांसाठी. स्वित्झर्लंडने सर्किट रेसिंगवर घातलेली बंदी कित्येक दशकं टिकली.

पण ट्रॅक दोषी ठरला म्हणून माणूस सुटतो का? हॉथॉर्नने १९५८ च्या आपल्या आत्मचरित्रात आपली चूक नव्हती असंच मांडलं. तसं असेल तर उरतो कोण? मॅकलिन! त्याने चिडून बदनामीचा दावा लावला.

त्याच वर्षी हॉथॉर्नच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग घडला. पोर्तुगालच्या ग्रां प्रीमध्ये त्याची गाडी बंद पडली, आणि ती चालू करताना तो रेसच्या उलट दिशेने गेला असा आरोप झाला. गुण जाणार होते. तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष दिली ती त्याचाच प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस याने. हॉथॉर्न त्या वेळी ट्रॅकवर नव्हता, फुटपाथवर होता, असं त्याने सांगितलं. गुण वाचले. सीझनच्या शेवटी हॉथॉर्नचे ४२ आणि मॉसचे ४१ गुण झाले! खरं बोलण्याची किंमत मॉसने एका गुणाने मोजली. हॉथॉर्नलाही विजेतेपदाचा फारसा आनंद नव्हता. जिवलग मित्र पीटर कॉलिन्स ऑगस्टमध्ये जर्मनीच्या रेसमध्ये गेला होता. त्याने निवृत्ती जाहीर केली.

२२ जानेवारी १९५९. गिल्डफर्डजवळचा ओला रस्ता. हॉथॉर्न आपल्या जॅग्वारमध्ये, आणि पुढे ओळखीच्या रॉब वॉकरची मर्सिडीज. हॉथॉर्नने तिला ओव्हरटेक केलं, गाडी घसरली आणि झाडावर आदळली. वय अवघं २९. मॅकलिनचा दावा तसाच अर्धवट राहिला.

आता हे सगळं हिंगोलीत बसून कशाला वाचायचं? कारण आपला नांदेड–हिंगोली–अकोला हायवे हीसुद्धा मल्टी-क्लास रेसच आहे. बैलगाडी, हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर, लाल डबा, ट्रिपल सीट बाइक आणि शंभरच्या पुढे पळणारी कार, सगळे एकाच रस्त्यावर. फाट्यावर हात केलेला पॅसेंजर दिसला की काळी-पिवळी एसटीला ओव्हरटेक करते, डावीकडे घुसते आणि करकचून ब्रेक मारते. एसटीवाला वाचण्यासाठी उजवीकडे काढतो, आणि त्याच्या उजवीकडून कुणीतरी येतच असतो. बघा, तिन्ही पात्रं तीच! सुरक्षेचं कारण नसताना एकदम ब्रेक दाबू नये, हे आपल्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही लिहिलेलं होतं.

आपली गाडी पुढे गेली म्हणजे ओव्हरटेक संपला असं आपण समजतो. तो तिथे संपत नाही. ज्याला आपण मागे टाकलं त्याला आपल्यामुळे ब्रेक मारावा लागणार नाही, स्टिअरिंग वळवावं लागणार नाही, इतकं अंतर पडलं की मग संपतो. तोपर्यंत मागच्याचा जीव आपल्याच हातात असतो. हॉथॉर्न दोषी होता का, हे चौकशी समितीने तिच्या परीने ठरवलं. तुम्ही-मी ते ठरवायची गरज नाही. सुट्टीत बाइकवर गावी जाताना पुढच्या ट्रॅक्टरला मागे टाकल्यावर आरशात एकदा बघितलं, तरी या गोष्टीचं सार्थक झालं म्हणायचं!