बडोद्याच्या मराठा महाराजांनी विक्रमी किंमत मोजून घोडा घेतला, त्याने इंग्लंडची शर्यतही मारली, पण गादी मात्र गेली!

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सुगी आटोपली की शंकरपटाचे वेध लागतात. कोणती जोडी जिंकणार यावर गावागावात चर्चा रंगते. बैलांचं वय, पायातला जोर, धुरकऱ्याचा हात, सगळं तपासलं जातं.

घोड्यांच्या शर्यतीतही हाच हिशेब असतो. फक्त तिथे घराणं आणि अंतर या दोन गोष्टींना फार महत्त्व. हा हिशेब थेट इंग्लंडात जाऊन मांडणारा एक मराठा राजा होता, बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड.

प्रतापसिंहरावांचा जन्म १९०८ चा. आजोबा म्हणजे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि गावोगावी वाचनालयं देणारे महाराजा सयाजीराव तिसरे. १९३९ मध्ये आजोबा गेले आणि देशातल्या सर्वात श्रीमंत संस्थानांपैकी एकाची गादी नातवाकडे आली.

नातवाचा जीव मात्र घोड्यांत होता. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली त्यांच्याच प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने. त्याच वर्षी त्यांनी सीतादेवींशी दुसरं लग्न केलं. बडोद्यात दुसऱ्या लग्नाला कायद्याने बंदी होती, त्यामुळे मोठा वाद झाला.

एका घोड्याला २८ हजार गिनी?

१९४५ मध्ये दांते नावाच्या घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याच वर्षी त्याचा धाकटा सख्खा भाऊ लिलावात आला. प्रतापसिंहरावांनी त्याच्यासाठी २८ हजार गिनी मोजल्या. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. एक वर्षाच्या शिंगरासाठी ही तेव्हाची विक्रमी किंमत होती. घोड्याला नाव दिलं आजोबांचं, सयाजीराव.

न्यूमार्केटमध्ये त्यांनी वॉरन प्लेस हा तबेला घेतला. घोड्यांची तयारी फ्रेड आर्मस्ट्राँग यांच्याकडे दिली.

१९४७ ची चुरस

त्या वर्षी सगळीकडे ट्यूडर मिन्स्ट्रेल या घोड्याचीच हवा होती. साधारण १.६ किलोमीटरची टू थाउजंड गिनीज शर्यत त्याने आठ लांब्यांनी मारली. सयाजीराव तिसरा आला. त्यामुळे डर्बीत दुसऱ्या कोणावर पैसे लावायला लोक तयारच नव्हते.

पण डर्बी होती २.४ किलोमीटरची. एवढ्या अंतरात ट्यूडर मिन्स्ट्रेलचा दम संपला आणि तो चौथा आला. जिंकला तो ४० ला १ भाव असलेला पर्ल डायव्हर. आगा खान यांचा मिगोली दुसरा, सयाजीराव पुन्हा तिसरा.

इथे एक गोष्ट स्पष्ट झाली. सयाजीराव सुसाट नव्हता, पण अंतर वाढेल तसा तो टिकत होता. पुढे त्याने आयरिश डर्बी जिंकली. मग आली जवळपास २.९ किलोमीटरची सेंट लेजर. तिथे त्याने आर्बरला अगदी डोक्याच्या फरकाने हरवलं. डर्बीत पुढे राहिलेला मिगोली यावेळी तिसरा होता. जॉकी होता एडगर ब्रिट.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, महाराजांच्या माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली. लागोपाठ दोन वर्षं इंग्लंडच्या मोठ्या शर्यतींवर बडोद्याचं नाव कोरलं गेलं.

मग बिनसलं कुठे?

इकडे देश स्वतंत्र झाला होता. महाराज बराच काळ परदेशात असायचे आणि त्यांच्या खर्चावरून बडोद्यात नाराजी वाढत होती. राज्याच्या तिजोरीतून उचललेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न भारत सरकारपर्यंत गेला. जो पैसा आजोबांनी शाळांवर लावला, तोच नातू घोड्यांवर आणि जवाहिरांवर उधळतोय, अशी टीका झाली.

पण चित्र एकाच रंगाचं नव्हतं. बडोद्यात विद्यापीठ व्हावं हे आजोबांचं स्वप्न होतं. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं ते प्रतापसिंहरावांच्याच काळात. त्याच वर्षी १ मे रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

पुढे मात्र त्यांनी विलीनीकरणावरच आक्षेप घेतला. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची महाराजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. गादी मुलाला मिळाली. हे फत्तेसिंहराव गायकवाड पुढे भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले.

प्रतापसिंहरावांचं १९६८ मध्ये लंडनमध्ये निधन झालं. आज बडोद्यात सयाजीराव म्हटलं की लोकांना आजोबा आणि विद्यापीठ आठवतं. इंग्लंडच्या शर्यतींच्या नोंदींत मात्र याच नावाने एक घोडा आहे, १९४७ चा सेंट लेजर विजेता.