मूठभर धान्यावर उभी राहिलेली संस्था

दोह्यात आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली 'सोशल आंत्रप्रनरशिप' हा शब्द फार ऐकू येतो. गावासाठी काहीतरी करायचंय, पण मॉडेल कोणतं, पैसा कुठून आणायचा, यावर शुक्रवारची अख्खी दुपार जाते. अशा वेळी मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला त्यांचा जन्म झाला. स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकायला ते गावोगाव हिंडले. आमच्या भाषेत सांगायचं तर फील्ड सेल्स! पण नांगर विकता विकता त्यांना गिऱ्हाइकाची खरी अडचण जवळून दिसली: शेतकऱ्याच्या पोराला शिकायची सोयच नव्हती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला जेवायची. त्या काळात हे धाडसच होतं.

मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. पण एका घरच्या सोन्यावर संस्था किती दिवस चालणार? भाऊरावांनी गावालाच भागीदार करून घेतलं. जात्यावर दळायला बसताना बायका मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायच्या. हाच तो मुष्टिफंड. दारी आलेल्याला मूठभर घालायची रीत घरोघरी होतीच. त्यांनी ती शाळेकडे वळवली. मुलंही राबायची आणि शिकायची. 'कमवा आणि शिका' हे नुसतं नाव नव्हतं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मूठ देणाऱ्या बाईला ती शाळा आपली वाटायची. देणगीची पावती मिळाली की आपण विसरतो. रोजची मूठ विसरता येत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने काही काळ संस्थेचं अनुदान थांबवलं, तेव्हा खुद्द गाडगेबाबांनी तिच्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकला. अनुदान थांबलं तरी संस्था मोडली नाही, कारण तिची मुळं तिजोरीत नव्हती, घराघरांत होती. वटवृक्ष हे तिचं बोधचिन्ह उगीच नाही.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आज रयतच्या ७०० हून अधिक शाखा आहेत.

आपण परदेशातले लोक गावाला पैसे पाठवतो, ते चांगलंच आहे. पण मोठा चेक पाठवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: यात गावाची मूठ किती? ती नसेल, तर आपल्या बदलीबरोबर किंवा व्हिसाबरोबर ते कामही संपतं.